भट्टीपासून लांब लाल झालेलं तोंड

बेकरीत त्याला सगळे निखाराच म्हणत. बावीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस, तोंड लाल होणारच. बोलता बोलता गळ्यापासून लाली चढायची, कानांच्या पाळ्यांपर्यंत जायची आणि पाचेक मिनिटांत उतरायची. "फुलला रे फुलला निखारा!" मैदा मळणारे ओरडायचे. दिवसातून सहा-सहा वेळा संडासला पळायचा, तर म्हणायचे, "पाव विकायला ठेवतोस की नाही थोडे?" तोही हसायचा.

पाव झाला की नाही हे तो घड्याळ बघून ठरवत नसे. पाव उलटा करायचा आणि बुडावर दोन बोटांनी टकटक करायचा. पोकळ आवाज आला की झाला. भद्द आला तर आतून कच्चा. त्याचा कान कधी चुकला नाही.

पाठ धरली म्हणून मालकानं त्याला महिनाभर भट्टीवरून काढून पुढं पाव बांधायला बसवलं. डोक्यावर पंखा, बाहेर कडाक्याची थंडी. बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, भट्टी तिकडं. तोंड इकडं कसं काय लाल?"

मैदा मळणारे हसायला तोंड उघडून तसेच राहिले.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं केलं. उजव्या बरगडीखाली एक बोट टेकवून त्यावर दुसऱ्या बोटानं टकटक केली, मग आणखी खाली, आणखी खाली. छताकडे बघत पडलेला निखारा ताडकन उठून बसला.

"बाई, भद्द येतोय. आतून कच्चं आहे."

बाईंनी त्याला पुन्हा आडवं करून तपासलं. लिव्हर खरंच चार बोटं खाली आलं होतं.

न्यूरोएंडोक्राइन गाठ. आतड्यात वाटाण्याएवढी, आणि लिव्हरमध्ये तिची सतरा पिल्लं. तीच रक्तात काहीबाही सोडत होती, त्यानंच तोंड फुलायचं, त्यानंच पोट बिघडायचं. सात-आठ वर्षं तरी झाली असतील, बाई म्हणाल्या. म्हणजे सात-आठ वर्षं आख्खी बेकरी कॅन्सरला हसत होती, आणि निखारा त्यांच्यासोबत हसत होता.

आतड्यातली गाठ कापून काढली. लिव्हरमधल्या सतरा काढता येईनात. "लिव्हरच बदलता येईल," बाई म्हणाल्या. "पसरलेल्या कॅन्सरला सहसा कुणी बदलत नाही. पण ही जात संथ आहे. सहा महिने थांबू. लिव्हरच्या बाहेर काही दिसलं नाही, तरच."

सहा महिने इंजेक्शनं झाली, स्कॅन झाले. बाहेर काही दिसलं नाही. लिव्हरचा तुकडा थोरल्या बहिणीचा जुळला.

"लहानपणी माझ्या ताटातलं उचलून खायचास," ती म्हणाली. "आता हे पण घे, मेल्या."

"तिखट नाही ना गं, ताई?"

"तुझ्या बायकोला विचार. तिला ठाऊक आहे माझी जीभ."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी बायकोला आणि बहिणीला समोर बसवून सांगितलं, "आधी त्यांचं पोट उघडून सगळीकडे बघणार. स्कॅनला न दिसलेलं काही सापडलं, तर तसंच शिवून टाकू. ते स्वच्छ निघालं, तरच ताईंना हात लावू." दोघींनी माना डोलावल्या. स्कॅन तर स्वच्छ होते.

सकाळी आठला दोघा भावंडांना आत नेलं. बायको बाहेरच्या बाकावर बसली. ताईंना बाहेर आणायला संध्याकाळ होईल, स्ट्रेचरवरून आणू, असं नर्सनं बजावलं होतं. बायकोनं चहाचा कप तोंडाला लावला तेव्हा साडेनऊ होत होते.

दार उघडलं आणि नणंद चालत बाहेर आली. स्वतःच्या पायांनी. अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी, पोटावर हात.

बायकोला आधी वाटलं, काही विसरलं असेल, चष्मा वगैरे.

"वन्सं, अहो, तुम्ही अशा कशा..."

"मला हात लावलाच नाही गं." नणंदेचा आवाज आपला नसल्यासारखा येत होता. "पोटाच्या अस्तरावर रव्यासारखे दाणे सापडले म्हणे. शिवतायत त्याला."

कप बायकोच्या हातातच कलला, चहा साडीवर सांडत राहिला. तिला चटकाही कळला नाही.

"शुद्धीवर आल्यावर त्यांना सांगायचं काय?"

"सांगायला कशाला हवं? मी उभी दिसले की त्याला कळेलच," नणंद म्हणाली, आणि मटकन खाली बसली.