मेची बाटली हलवली तेव्हा

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी उठून भांडी घासायला जायची. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही. तरी हे वहीत लिहितेय... कारण राग अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायला होते. तिथले एक सर दर महिन्याला कोकणात जात, होडीमागं बारीक जाळं ओढून समुद्रातले जीव आणत. नुसत्या डोळ्यांना धुरळाच दिसायचा, सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाय नि मिशा. कुठल्या ऋतूत कुठले जीव येतात, हा त्यांचा अभ्यास. दर महिन्याची बाटली वेगळी; तिच्यातल्या औषधात ते मरून तळाशी बसत.

जाळं आणि ते ठेवायची पिशवी मी धुवायची. दर खेपेला पिशवीतून वाळू निघायची, माशांचे खवले निघायचे. जूनची खेप झालीच नाही; जुलै-ऑगस्टच्या खेपेला काहीच निघालं नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण मी कुणाशी बोलणारी नव्हे.

मग एका दुपारी बाहेरगावच्या मॅडम सरांचा अभ्यास तपासायला आल्या. काचेखाली बघून म्हणाल्या, "पावसात नद्यांचं पाणी येऊन समुद्राचा खारटपणा उतरतो. जीव बदलायला हवेत. मे, जुलै, ऑगस्ट – तिन्हींत तेच कसे?"

सर माझ्याकडं वळले. "ही आमची मालन. चौथी शिकलीया. दोन बाटल्या फोडल्या असतील, अन् मेमधलंच वतून ठेवलं असंल! व्हय का न्हाय गं?"

मी पदराला हात पुसत राहिले.

"उद्यापास्नं येऊ नगंस. बाटल्या कपाटात ठेव आन् जा."

रागारागानं मेची बाटली उचलली ती हिसडली गेली. तळाचा धुरळा वर आला – आणि त्याच क्षणी टेबलावरच्या जुलै-ऑगस्टच्या बाटल्या गढूळ झाल्या. कुणी हात लावला नव्हता!

"टेबल हललं," मॅडम म्हणाल्या.

"मग एप्रिलची का न्हाई हलली?" मी म्हटलं. शेजारच्या एप्रिलच्या बाटलीतलं पाणी निवळ होतं.

मॅडमनी ऑगस्टची बाटली लांब खिडकीच्या दगडी कट्ट्यावर नेली. धुरळा खाली बसू दिला. "हलवा बघू." मी मेची हलवली. खिडकीतली बाटली गढूळ झाली.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. आणि सर? ते हसले. "बघा! समदं एकातलंच हाय. म्हटलं न्हवतं मी?"

म्हणजे मेलेल्या जिवांनी साक्ष दिली, ती माझ्याच विरुद्ध! नोकरी गेली, वर लबाड म्हणून नाव झालं. सरांचा अभ्यास पुढं पास झाला म्हणे.

खिडकीतलं ते पाणी का ढवळलं, मला आजही सांगता येत नाही. विचारलं तर लोक हसतात... हसू देत. माझा खरा राग निराळाच आहे. त्या पिशवीत वाळू नव्हती, सर समुद्रावर गेलेच नव्हते – एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. त्याला काही चमत्कार लागत नव्हता.