वानखडे सरांचा मराठी प्रोग्राम

चांगली वस्तू आणि सगळ्यांकडे असते ती वस्तू, यांतली तुम्ही कोणती घेता? उत्तर मनातच द्या, पण खरं द्या.

सौंसरच्या बसस्टँडमागे वानखडे सरांचा टायपिंग क्लास होता. तिथं आठ टाइपरायटर आणि नागपूरहून आणलेला एक जुना कॉम्प्युटर. इतर क्लासांत पहिला धडा म्हणजे तीच तीच अक्षरं बडवणं. सर मात्र नव्या विद्यार्थ्याला आपल्या मोहल्ल्याची तक्रार लिहायला लावत आणि ती खरोखर नगरपालिकेत पाठवत. माझा पहिला धडा आमच्या वस्तीतल्या बंद हँडपंपाचा. पंप दुरुस्त झाला. घरी चळवळीचं वातावरण, मी पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलेली. पण लिहिल्यानं पाणी येतं हे सरांकडेच पाहिलं.

कॉम्प्युटरवर लिहायचे दोन प्रोग्राम होते. एक नागपूरच्या दोन तरुणांनी केलेला. त्यात मराठी लिहिता येई आणि पडद्यावर दिसे तसंच कागदावर उमटे. दुसरा फक्त इंग्रजी. साधा शब्द ठळक करायचा तरी आज्ञा पाठ हव्यात. पण नोकरीच्या जाहिरातींत नाव या दुसऱ्याचंच.

"सर, कचेरीत आपला मराठी प्रोग्राम चालत नाही म्हणते," पांढुर्ण्याहून येणारा मोरेश्वर एकदा म्हणाला.

"साहेबानं उघडून पाहिला काय?"

"नाही जी."

"मग त्याले कोनं सांगितलं?"

"दुसऱ्या साहेबानं."

"अन् त्याले तिसऱ्यानं! पाहिला कोनंच नाही, बाप्पा."

आम्ही खूप हसलो. आणि एकेक करून दुसऱ्या प्रोग्रामकडे गेलो. मलाही नागपूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं. "सर, मला तो शिकवा," मी कसंबसं म्हटलं.

"मान कायले खाली घालून राहिली? पोटासाठी शिकून राहिली तू. फक्त तो चांगला आहे म्हनू नको."

आठवड्यात त्यांनी मला तयार केलं. नोकरी लागली. मराठी प्रोग्रामला कुठल्याच क्लासात विद्यार्थी उरले नाहीत, तेव्हा त्या दोन तरुणांनीही तो सोडून दिला. सर गेल्या उन्हाळ्यात वारले. मी दिवसभर इंग्रजी पत्रं टाइप करते, आणि मध्येच बोटं मराठी अक्षरांच्या जागा शोधू लागतात. तिथं काही नसतं.

तुमच्या कचेरीत नवा कॉम्प्युटर येईल. त्याच्यापुढे बसून एकच विचारा: यावर माझ्या वस्तीचा अर्ज माझ्या भाषेत लिहिता येतो का? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.