नाकाशिवायचा स्वयंपाक

वसतिगृहातल्या मुली तिला नुसतं मावशी म्हणत. सव्वीस वर्षं ती साठ मुलींचा स्वयंपाक करत होती, आणि तिचं नाक म्हणजे स्वयंपाकघरातलं घड्याळच होतं. दूध लागायच्या आधी, कांदा करपायच्या आधी तिला कळायचं. पाठमोरी बसून भाजी निवडतानाही म्हणायची, "गॅस बारीक करा गं, खाली धरतंय."

मग एका आठवड्याच्या तापाने ते नाक नेलं. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी तिने कढईत कांदा टाकला आणि वासच आला नाही. कांदा चांगला तांबूस झालेला दिसत होता. तिने कढईवर वाकून दीर्घ श्वास घेतला. नुसती वाफ!

ती कुणाला काही बोलली नाही. येईल चार दिवसांत, असं स्वतःलाच समजावत राहिली. तोवर डोळ्यांवर आणि कानांवर काम चालवायचं. दुधाच्या पातेल्यात तिने एक छोटी बशी पालथी टाकून ठेवली. दूध उकळायला लागलं की ती खडखडायची. कांद्यातलं पाणी आटलं की चर्र आवाज बदलतो, हे इतकी वर्षं कानावर पडूनही तिने कधी ऐकलं नव्हतं. सकाळचं दूध नासलंय का, ते वास घेऊन कळेना, तर चमचाभर वेगळं तापवून फुटतंय का ते बघायची. तरीही दोनदा पातेलं करपलं. दोन्ही वेळा तिने त्यात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळलं, गार होऊ दिलं आणि लाकडी उलथण्याने कुणी यायच्या आत खरवडून चकचकीत केलं. महिनाभर अशी झाकली मूठ राहिली.

एका दुपारी ती चहा ठेवायला ओट्याशी गेली. लायटर हातात घेतलाच होता, तेवढ्यात भाजी चिरणाऱ्या काकू दारातूनच ओरडल्या, "थांब! हात लावू नको कशाला!" त्यांनी धावत येऊन खिडक्या सताड उघडल्या. एका शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. "अगं, बाहेरपर्यंत वास येतोय गॅसचा. तुला नाही आला?"

मावशीने लायटर खाली ठेवला. "मला कसलाच वास येत नाही, काकू. महिना झाला."

त्याच दुपारी वॉर्डनबाईंनी तिला बोलावलं. "आधी का नाही सांगितलंत?"

"स्वयंपाकिणीचं नाक गेलं म्हटलं की हातही गेला असंच धरतात लोक," मावशी म्हणाली. "पण आज साठ लेकरं वरती होती. चूक झाली माझी. कामावरून काढलंत तरी शब्द काढणार नाही."

वॉर्डनबाई म्हणाल्या, "जेवण बिघडलेलं मला तरी आठवत नाही. पण एकटीने शेगडी पेटवायची नाही. हे जमेल?"

जमलं, पण सोपं नव्हतं. सकाळी काकू आधी आत येऊन वास घेणार, मग मावशी शेगडी पेटवणार. काम संपलं की सिलिंडरचं बटण खालूनच बंद. दर सोमवारी नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती. मुलींसमोर मात्र चव बघायला चमचा दुसरीच्या हातात देताना तिला पहिले कित्येक दिवस कानकोंडं व्हायचं. काकू चेष्टा करायच्या, "आता माझं नाक वर झालंय बरं का!" आणि दोघी हसायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईलही, नाहीही येणार. पुढच्या वर्षी लिंबाचा वास थोडासा यायला लागला. कॉफीला मात्र भिजल्या पुठ्ठ्यासारखा वास यायचा.

स्वयंपाकाचं तिने निभावून नेलं. पण सुट्टीत सून बाळाला घेऊन आली. न्हाऊमाखू घातलेलं नातवंड तिने छातीशी धरलं, त्याच्या टाळूला नाक लावलं आणि तशीच बसून राहिली. "कसला वास येतो गं ह्याला?" तिने सुनेला विचारलं.

सुनेने वाकून हुंगलं. "दुधाचा," ती म्हणाली, "आणि थोडा उन्हात वाळलेल्या कपड्यांचा."

"असं होय," मावशी म्हणाली, आणि डोळे मिटून पुन्हा टाळूवर नाक टेकवलं.