रेघेचे सर

आमचे रेघेचे सर कुणालाही खोटा दिलासा देत नसत. "सर, पास होईन न्हवं मी?" असं कुणी काकुळतीला येऊन विचारलं, की पेपर चाळून सरळ म्हणायचे, "न्हाय." त्यामुळे आमच्या कोल्हापूरच्या शाळेत त्यांच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. मला मात्र त्यांच्या तोंडचं 'व्हय' ऐकायची फार हौस होती, कारण ते खरं असायचं.

रेघ हे त्यांचं वेड. नव्वदच्या दशकात शाळेत आलेला एकुलता एक कॉम्प्युटर, त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. त्यावर सरांनी स्वतः प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर पृथ्वीच्या तापमानाची रेघ. कारखाने, गाड्या, जंगलं बटणं दाबून कमीजास्त करायची आणि पुढच्या शंभर वर्षांत रेघ कुठं जाते ते बघायचं. आम्ही कोल्हापूरची पोरं, लगेच ईर्ष्या लावली, कुणाची रेघ आधी वर टेकते! सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरं, जिंकायचं न्हाय, वाचायचं हाय!"

मग आम्ही सगळे कारखाने बंद केले. रेघ आणखी थोडी चढली आणि तिथंच आडवी पडली.

"सर, सगळं बंद केलंय की! तरी खाली येईना. मशीन बिघडलंय."

"मशीन बरोबर हाय. वर साठलेला वायू लगीच जात न्हाय. म्हणून तर येळेत थांबायचं."

एकदा शाळा बघायला बडे पाहुणे येणार होते. हेडमास्तर सरांना म्हणाले, "पोरांनी झाडं लावली, रेघ उतरली, टाळ्या. एवढं जमवा." प्रोग्राममधला एक आकडा बदलला की भागलं असतं. सर म्हणाले, "न्हाय." पाहुण्यांसमोर रेघ चढतच राहिली, पाहुणे घड्याळ बघत राहिले. त्यानंतर हेडमास्तरांच्या हुकमानं त्या कॉम्प्युटरवर फक्त टायपिंग चालायचं. सर फळ्यावर खडूनं रेघ काढून शिकवू लागले, पण तिला बटणं नव्हती, आणि मागचे बाक खुशाल झोपायचे. मला हेडमास्तरांचा अजून राग येतो.

दहाएक वर्षांनी पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. मी माहेरी आले होते. पाणी ओसरल्यावर लेकीला कडेवर घेऊन सरांच्या घरी गेले. रिटायर झालेले सर खराट्यानं घरातला चिखल बाहेर लोटत होते.

"सर, तुमची रेघ खरी निघाली."

"एका पुरानं काय ठरत न्हाय, पोरी," ते म्हणाले. "आणि ती खोटी निघावी म्हणूनच शिकवत होतो की मी."

मला राहवलं नाही. "अजून थांबेल न्हवं सर, हे सगळं?"

सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या लेकीकडे बराच वेळ बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "थांबंल की."

मी त्यांना पुरतं ओळखत होते; त्यांचं खरं 'व्हय' असं नसायचं. घरी येईपर्यंत माझं रडू थांबलं नाही.