साहेबांचं रक्त

सत्तरच्या दशकात मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. खेड्यातल्या माणसाच्या रक्तात क जीवनसत्त्व किती असतं, हे मोजायचं आमच्या साहेबांनी ठरवलं. शरीराला आतून गंजू न देणारं द्रव्य, असं ते दर भाषणात सांगत. साहेब परदेशात शिकून आले होते आणि आपण परत आलोय हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं.

शिरूरच्या डाकबंगल्यात आम्ही यंत्रं मांडली. ऐन एप्रिलात जीप तळेगाव ढमढेरेजवळच्या एका वस्तीवर गेली. पूर्वी मेंढरं राखणारी, आता शेती करणारी माणसं. बोटातलं चार थेंब रक्त बारीक नळीत घ्यायचं आणि नळी लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायची, एवढंच माझं काम. गारवा गेला की ते जीवनसत्त्व नासतं.

बोट मात्र कुणी पुढं करेना. शेवटी एक म्हातारे आबा म्हणाले, "सायेब, आदी तुमचं टोचा. तुमी वाचला तर आमी हायेच."

चारचौघांत साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी डोळे मिटले, ड्रायव्हरचा खांदा धरला आणि मी टोचलं. नळी नंबर एक. मग सगळ्यांनी बोटं दिली.

दुपारी साहेबांना तहान लागली. त्यांनी माझ्या नळ्या पेटीतून काढून जीपच्या बॉनेटवर ठेवल्या आणि आत सोड्याच्या बाटल्या आडव्या केल्या.

"साहेब, नमुने खराब होतील."

"पाच मिनिटांनी काय होतंय?"

सोडा गार होईपर्यंत ते आहारावर बोलू लागले. ते भाषण तासभर चाललं. "लिंबू खात जा," असं ते ज्या झाडाखाली उभं राहून सांगत होते, ते लिंबोणीचंच होतं. आबांनी वर बोट दाखवून विचारलं, "ह्येच का, सायेब?" साहेबांनी वर न बघताच मान हलवली.

संध्याकाळी तपासलं, तर सगळे आकडे तळाला. साहेब खूश! "मी म्हणालो नव्हतो, कमीच निघणार म्हणून? आणि हा एक नंबर तर बघा. या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येत असणार. कोण हा?"

"तुम्ही, साहेब."

त्यांची जीभ हिरड्यांवरून फिरलेली मला गालावरून दिसली. रोज सकाळी ते मोसंबीचा रस पीत.

"हा नमुना खराब झालाय. काढून टाका."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बरोबर आहेत."

मी रजिस्टरात लिहिलं, 'सर्व नमुने तासभर उन्हात होते,' आणि खाली सही केली. महिन्याभरात माझी बदली दौंडला झाली, हिवतापाच्या रक्तनमुन्यांच्या काचा तपासायला. जाताना गाडीत मला रडू आलं, पण खाडाखोड केली नाही याचं बरंही वाटलं. अहवाल छापून आला, त्यात माझी नोंद नव्हती. साहेबांना बढती मिळाली.

एका रविवारी न राहवून मी वस्तीवर गेले आणि आबांना सगळं सांगितलं.

"म्हंजी आमचं रगात खोटं न्हाई?"

"नाही आबा. आमचे आकडे खोटे."

"मंग तसं छापा की."

ते माझ्या हातात नव्हतं, आणि तसं मी म्हणालेही. आबा सुनेला हाक मारून म्हणाले, "बाईंना भाकरी वाढ. लांबनं आल्यात खरं बोलाया."