पिकअपखालचा हिरवा थेंब

आत्याची रोपवाटिका आहे आणि रोपं पोचवायला एक जुनी पिकअप. तिच्याखाली रोज सकाळी कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, हिरवा थेंब दिसायचा. काल गॅरेजातले मेस्त्री म्हणाले, "रेडिएटर उतरवावा लागेल. दोन दिवस गाडी विसरा." आत्याचा चेहरा पडला. गुलाबाची सगळी रोपं आज पोचवायची होती.

मला एक गोष्ट ठाऊक होती, पण चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. शेवटी कसंबसं म्हटलं, "काका, गाडी चालून आली की थेंब नसतो. रात्रभर गार झाली की पडतो."

मेस्त्रींचा हात थांबला. "मग पाइपाची क्लिप ढिली असणार. पावडर आहे का गं पर्समध्ये?"

गाडी गार झाल्यावर त्यांनी माझी पावडर पाइपावर भुरभुरली. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यातून एक बारीक हिरवी रेघ उतरली. नवी क्लिप आवळली, झालं!

"रोज बघत होतीस, तर बोलायचंस ना, मुके!" आत्या हसत ओरडली.

तापल्यावर रबर फुगून घट्ट बसतं आणि गार झालं की झिरपतं. मीही माणसांत अशीच मिटून असते आणि खोलीत एकटी असले की वहीत झिरपते. काल पहिल्यांदाच भर गॅरेजात झिरपले, आणि फार छान वाटलं.

आज सकाळी पिकअपखाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं ठाक होतं. त्यात माझंच काही छापून आल्यासारखी मी ते उकिडवी बसून बघत राहिले. वरून आत्याने हॉर्न वाजवला.

"चल, पुढे बस. वाटेत बोलत राहा माझ्याशी."