ओटा असलेली गाडी

काल मुलाने मोबाइलवर भाड्याच्या गाडीचा फोटो दाखवला. "आई, आत झोपायची सोय आहे आणि ओटासुद्धा!" ओटा म्हटल्याबरोबर माझ्या नाकात घासलेटचा वास शिरला आणि डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात ह्यांनी जुन्या मॅटाडोरमध्ये गाद्या टाकल्या आणि आम्ही नाशिकहून सुरगाण्याच्या डोंगरात फिरायला गेलो. म्हणजे बाकीचे फिरले. हे आणि माझे दीर दरीच्या काठावर मोहाच्या सावलीत लोळत पडले होते. मी गाडीच्या आडोशाला, वाऱ्याने सारखा विझणारा स्टोव्ह पुन्हा पुन्हा पेटवत होते. दरी माझ्या पाठीमागे होती.

डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई थांबली. गाद्या, भांडी, स्टोव्ह बघून तिला वाटलं, आम्हीही तिच्या गाववाल्यांसारखे बिऱ्हाड घेऊन मजुरीला निघालोय.

"कुठं चालला कामाला?"

हे हसले. "कामाला नाही हो, मजा करायला आलोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग हिला कशाला कामाला लावली?"

सगळे खो खो हसले. आणि ह्यांनी लगेच मला सांगितलं, "अगं, बाईंनाही चहा टाक!"

काल मुलाला म्हटलं, "गाडी घे. ओट्याशी तू उभा राहा. मला अजून ती दरी बघायची आहे."